ओट्याचा दगड निवडताना: आधी लिंबू, मग रंग

आमच्या जुन्या घरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर, शेगडीच्या उजव्या हाताला, बशीएवढं एक पांढरट वर्तुळ होतं. आईने ते काथ्याने घासलं, राखेने घासलं, खोबरेल तेल चोळून पाहिलं. तेल लावलं की दोन दिवस वर्तुळ नाहीसं व्हायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कारण तो डाग नव्हताच. लिंबाच्या लोणच्याची बरणी दरवर्षी त्याच जागी मुरायला ठेवलेली असायची आणि तिच्या बुडाशी पाझरलेल्या खाराने दगडाचं पॉलिश खाल्लं होतं.

हे मला कळलं ते स्वतःचा ओटा एकदा चुकवल्यावर. पहिल्या फ्लॅटमध्ये मी पांढऱ्या मकराणा संगमरवराच्या प्रेमात पडलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, ताजमहाल याच दगडाचा आहे." खरं होतं ते. ताजमहालात कुणी सोलकढी करत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही. चार महिन्यांत ओट्यावर वाटीच्या, गाळणीच्या, कापलेल्या लिंबाच्या आकारांची रांगोळी उमटली. दुसऱ्या घराच्या वेळी मग मी उलटा गेलो. आधी लिंबू पिळून पाहिलं, रंगाचा विचार सगळ्यात शेवटी केला. तेव्हा जे शिकलो ते इथे देतो आहे.

१. आठवडाभर स्वतःचाच ओटा बघा

दुकानात जाण्याआधी एक कागद फ्रिजला चिकटवा आणि त्यावर तीन रकाने आखा: काय सांडलं, काय तापलेलं टेकवलं, काय आपटलं. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता लिहायचं. लाजायचं नाही.

आमच्या कागदावर आठवड्याअखेर जे जमलं ते असं होतं. सांडलेल्यांत चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, फोडणीतली हळद, चहा आणि ताक. तापलेल्यांत कुकर रोज, भाकरीचा तवा चार दिवस, आणि पुऱ्या तळून उतरवलेली कढई एकदा. आपटलेल्यांत लसूण ठेचायचा खलबत्ता, ओट्याच्या कडेवर फोडलेला नारळ (हा मीच), आणि मुलाच्या हातून सुटलेली स्टीलची बाटली. शिवाय शनिवारी देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून ओट्यावरच ठेवली होती, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं. लोखंडी कढई धुऊन तशीच ओली उपडी घालायची सवयही तेव्हाच पकडली गेली.

तुमचा कागद वेगळा असेल. एकटं राहणाऱ्या, सकाळी पोहे आणि रात्री डबा अशा माणसाला पांढराशुभ्र ओटाही वर्षानुवर्षं टिकेल. आठ माणसांच्या घरात, जिथे सकाळी सहापासून काही ना काही शिजतंय, तिथे हिशेबच निराळा. पहिला रकाना भरला असेल तर दगडाचं कूळ बघा. दुसरा भरला असेल तर रेझिनपासून, म्हणजे काही कारखानी फरश्यांतल्या प्लास्टिकसारख्या मालापासून, सांभाळा. तिसरा भरला असेल तर पातळ आणि ठिसूळ मालाच्या वाटेला जाऊ नका.

२. दगडाचं कूळ विचारा

दुकानात शंभर नावं ऐकू येतील. त्यातली अर्धी व्यापाऱ्यांनी ठेवलेली असतात आणि गावागणिक बदलतात. तुम्हाला विचारायचं आहे ते एवढंच, की हा दगड चुन्याच्या कुळातला की गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या?

चुन्याच्या कुळात कडप्पा, शहाबाद, कोटा आणि संगमरवर येतात. पहिले तीन चुनखडक आहेत. कडप्पा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा, शहाबाद कर्नाटकात कलबुर्गीजवळचा, कोटा राजस्थानचा. संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडकच. या सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचं आंबटाशी हाडवैर आहे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, टोमॅटो, यातलं काहीही पडलं की पृष्ठभागाचा पातळ थर विरघळतो. तिथली चकाकी जाते आणि मंद, खरखरीत ठिपका उरतो. तो साबणाने जात नाही, कारण तिथे वर काही लागलेलंच नसतं. होतं ते कमी झालेलं असतं. पुन्हा पॉलिश करणं हाच त्यावरचा उपाय.

हे दगड मऊही असतात. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोजपट्टीवर मोजतात. त्यावर कॅल्साइट ३ वर बसतं आणि सुरीचं पोलाद साधारण साडेपाचवर. म्हणजे संगमरवरावर घाईत कोथिंबीर चिरली तर ओरखडा दगडावर उमटणार.

गारेच्या कुळात ग्रॅनाइट. त्यात मुख्यतः क्वार्ट्झ (कठीणपणा ७) आणि फेल्डस्पार (६) असतं. सुरी त्याच्यावर बोथट होते, लिंबू त्याचं काही बिघडवत नाही आणि तवा उतरवून ठेवला तरी ते कुरकुरत नाही. आपल्या तिखट-आंबट-गरम स्वयंपाकाला आजही सगळ्यात बिनतक्रार साथ देणारा दगड हाच, असं माझं मत आहे, आणि ते मी लपवणार नाही.

गंमत अशी, की दुकानात ज्याला 'काळा ग्रॅनाइट' म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो. आपल्याला त्याने तोटा नाही, उलट हे दगड जास्त घट्ट असतात आणि पाणी-तेल फार कमी पितात. ज्यात सोनेरी कण चमकतात तो 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्रातल्या चिमकुर्ती भागातून येतो, आणि ते कण सोन्याचे नसून ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे असतात. फिकट रंगाचे ग्रॅनाइट, म्हणजे पांढरट, पिवळसर, गुलाबी, हे त्यामानाने तेल पितात. अशा ओट्यावर तेलाची बरणी ठेवली की तिच्या बुडाचं काळपट वर्तुळ उमटतं. त्यांना सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण) लावावं लागतं आणि ते पुन्हा पुन्हा लावत राहावं लागतं.

महाराष्ट्राचं अंग बेसॉल्टचं. आपला पाटा-वरवंटा, जातं, किल्ल्यांचे बहुतेक बुरूज त्या काळ्या पाषाणाचे. पण ओट्याची लादी मात्र आपण कायम शेजाऱ्यांकडूनच आणत आलो.

आता कडप्प्याची बाजू. त्याला उगाच खाली पाडलं जातं. तो स्वस्त आहे, कुठल्याही गावात मिळतो, कुठलाही गवंडी तो बसवू शकतो. भाड्याने द्यायचं घर, धुण्या-भांड्याची जागा, गच्चीवरची चूल अशा ठिकाणी मी आजही डोळे झाकून कडप्पा घालीन. ग्रॅनाइटच्या ओट्यालाही खालून आधार बहुतेकदा त्याचाच असतो.

रंगाबद्दल एकच सूचना, कारण इथेच लोक फसतात. चकचकीत काळ्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून पांढरा ठिपका सोडतो, कणकेची चिमूटभर पिठीही दुरून दिसते. आणि काळी मुंगी मात्र दिसत नाही. साखरेच्या डब्यापर्यंत तिची रांग गेलेली असते तेव्हा कळतं. पांढऱ्यावर हळद लपत नाही. सगळं पोटात घालतो तो ठिपक्या-ठिपक्यांचा करडा. फोटोत तो कंटाळवाणा दिसतो, पण आमच्याकडे आता तोच आहे.

३. क्वार्ट्झ आणि कोरियन: दगड कमी, रेझिनची काळजी जास्त

शोरूममध्ये ज्याला नुसतं 'क्वार्ट्झ' म्हणतात ती खाणीतून कापलेली लादी नसते. क्वार्ट्झचा चुरा, साधारण ९० टक्के किंवा थोडा जास्त, रेझिनमध्ये कालवून, दाबून, भाजून कारखान्यात केलेली ती फरशी असते. फायदे खरे आहेत. रंग एकसारखा, पाणी जवळजवळ पीत नाही, सीलर नको, लिंबू चालतं.

अडचण त्या उरलेल्या दहा टक्क्यांत आहे. रेझिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतं. आता आपल्या ओट्यावर काय उतरतं ते बघा. पूर्ण दाबाच्या कुकरमध्ये आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास असतं, पण ज्वाळेवरून नुकत्याच उतरलेल्या बुडाचं त्याहून जास्त. पुऱ्यांचं तेल १८० च्या घरात. भाकरीचा तवा २०० च्या पुढे. तवा थेट क्वार्ट्झवर टेकवला की पिवळा-तपकिरी चट्टा पडतो, कधी तडाही जातो, आणि दोन्ही कायमचे. त्यामुळे क्वार्ट्झ घ्यायचं तर घरातल्या प्रत्येकाला तवा-कढई खाली टेकवण्याआधी लाकडी किंवा लोखंडी तिवई घ्यायची सवय लागायला हवी. पाहुण्यांना, स्वयंपाकाच्या मावशींना आणि सासूबाईंनाही. सवय लागणार नाही असं मनातून वाटत असेल तर त्या आवाजाचं ऐका.

ऊन हा त्याचा दुसरा शत्रू. खिडकीतून दुपारभर थेट ऊन येत असेल किंवा ओटा ड्राय बाल्कनीत असेल, तर रेझिन हळूहळू पिवळं पडतं. बाहेरच्या जागेसाठी क्वार्ट्झ घेऊच नका.

कोरियन (Corian) ही मुळात ड्यूपाँट कंपनीची चीज, १९६७ च्या सुमाराची. आता त्या जातीच्या सगळ्याच मालाला लोक कोरियन म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. यात दगड नाहीच. ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमच्या संयुगाची भुकटी असते. त्याची खरी खुबी सांध्यात आहे. दोन तुकडे जोडून घासले की सांधा डोळ्याला दिसत नाही, सिंकही ओट्याशी एकजीव करता येतं. ओरखडे सहज पडतात, पण बारीक पॉलिश पेपरने घासून काढताही येतात. उष्णतेला मात्र ते क्वार्ट्झहून हळवं. मी ते स्वयंपाकघरात घेणार नाही, न्हाणीघरात आनंदाने घेईन.

हळदीबद्दल एक युक्ती इथेच सांगून ठेवतो. पांढऱ्या ओट्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, तेव्हा घाबरू नका. हळदीचा रंग साबणाच्या क्षारामुळे पालटतो, पाण्याने धुतलं की लाली जाते. उरलेल्या पिवळेपणावर ऊन हा रामबाण इलाज, कारण हळदीतलं रंगद्रव्य उजेडात विरतं. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग उन्हात वाळवून जातो, तेच इथे. डागाची जागा खिडकीजवळ असली की झालं.

आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी बोलत नाही. क्वार्ट्झची फरशी सुकी कापली की सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस नावाचा, बरा न होणारा आजार देते. ऑस्ट्रेलियात तरुण कारागीर मोठ्या संख्येने आजारी पडल्यावर तिथल्या सरकारांनी १ जुलै २०२४ पासून असे ओटे बनवायला, विकायला आणि बसवायला बंदीच केली. सिडनी-मेलबर्नच्या आपल्या मंडळींना हे ठाऊक असेल. बसलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नसतो. धोका कापणाऱ्याला असतो, आणि ग्रॅनाइट कापतानाही तो थोड्या प्रमाणात असतोच. म्हणून ठरवतानाच सांगा, की कटिंग कारखान्यात, पाण्याच्या धारेखाली होईल. घरात करायचं जे थोडं राहील तेही पाणी मारत आणि तोंडाला चांगला मास्क लावून. पोरगा रुमाल बांधून ग्राइंडर चालवतोय आणि घरभर पांढरं धुकं पसरलंय, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दोन-तीनशे रुपयांच्या मास्कसाठी घासाघीस करू नका.

४. बाकीचे, थोडक्यात

पोर्सिलेनच्या मोठ्या लाद्या आता गुजरातेतल्या मोरबीतून भरपूर येतात, १५ मिलिमीटर जाडीच्या आणि ८०० मिलिमीटर रुंदीच्या. दोन फुटी ओटा आणि पुढची पट्टी त्यातून सहज निघते. उष्णता, आंबट, हळद, ऊन, सगळं चालतं. फक्त दोन गोष्टी बघा. पहिली, माल 'फुल बॉडी' आहे का, की नक्षी फक्त वरच्या थरात आहे. वरच्याच थरात असेल तर कडेला गोलाई दिली की आतला वेगळा रंग उघडा पडतो. दुसरी, बसवणाऱ्याने याआधी अशा लादीत सिंक कापलं आहे का. ही लादी कापताना फुटते, आणि पहिला प्रयोग आपल्या घरी नको.

'नॅनो व्हाइट' हा काचेच्या जातीचा माल. दिसायला दुधासारखा, कडेने टवके उडतात, आणि उडालेला टवका भरून निघत नाही. आमच्या तिसऱ्या रकान्यामुळे तो पहिल्याच फेरीत बाद झाला.

स्टेनलेस स्टील खानावळीत असतं ते उगाच नाही, पण घरात भांड्यांचा आवाज आणि ओरखडे सोसायची तयारी हवी. लाकडी ओटा आपल्या पावसाळ्यात, सिंकच्या शेजारी, नकोच.

५. नमुना घरी आणा आणि त्याला छळा

दोन-तीन प्रकार मनात ठरले की प्रत्येकाचा तळहाताएवढा पॉलिश केलेला तुकडा मागा. दुकानदार देतात, कापून उरलेल्यांचा ढीग त्यांच्याकडे असतोच. कुणी द्यायला कुरकुर केली तर तेही एक उत्तरच समजा.

आधी दुकानातच नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनरमध्ये बुडवलेला पांढरा कापूस काळ्या तुकड्यावर घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. फिकट करड्या दगडाला रंग चोळून काळा करून विकणं हा जुना उद्योग आहे, आणि असा ओटा वर्षभरात ठिकठिकाणी करडा पडतो.

घरी आल्यावर तुकड्याच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. पंधरा मिनिटांनी पुसल्यावर तिथे ओलसर, गडद ठिपका राहिला तर दगड पाणी पितो, म्हणजे उद्या तेलही पिणार. दुसऱ्या कोपऱ्यावर अर्धं लिंबू उपडं घालून रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन, वाळवून तुकडा खिडकीशी तिरका धरा. बोटाला लागेल किंवा तिरप्या उजेडात दिसेल असा मंद गोल असेल, तर कूळ चुन्याचं, दुकानदार काहीही म्हणो. तिसऱ्या कोपऱ्यावर गरम तेलात कालवलेली हळद, तीही रात्रभर. चौथ्यावर ओला लोखंडी खिळा. फिकट दगडावर गंजाची रेघ राहते का ते कळतं. मधोमध शेवटी तापलेला छोटा तवा पाच मिनिटं.

आमच्याकडे या परीक्षेला पाच तुकडे बसले होते. लिंबाने दोन पाडले, तव्याने एक. उरलेल्या दोघांत निवड करायला मग आईला पुढे केलं. तिने काही न बोलता ते दोन्ही तुकडे ओल्या फडक्याने पुसले, खिडकीत ठेवले आणि चहा करायला गेली. चहा घेऊन परत आल्यावर ज्याच्यावर पुसल्याचे फराटे दिसत होते तो बाजूला सारला. हा निकष मला सुचला नसता.

६. लादी स्वतः जाऊन बघा

नैसर्गिक दगडाची एक लादी दुसरीसारखी नसते. नमुना पसंत पडला तरी गोदामात जाऊन, जी तुमच्या घरी येणार तीच लादी बघून तिच्या मागे खडूने नाव लिहून या. ओटा, डॅडोची (ओट्यामागच्या भिंतीवरची) पट्टी, खिडकीची चौकट, सगळं एकाच दगडाचं हवं असेल तर एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापलेल्या लाद्या घ्या. महिन्याने आणखी एक आणायला गेलात तर रंग जुळणार नाही.

लादीवर पाणी मारायला सांगा. वरचं पाणी वाळून गेल्यावरही एखादी बारीक गडद रेघ ओली दिसत राहिली, तर तिथे चीर आहे. मग बोटाच्या पेराने ठोकून बघा, माठ घेताना वाजवतो तसं. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर पुढची बघा. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर दगड ठिसूळ आहे म्हणून ती लावली आहे, हे समजून घ्या. तो वाईटच असं नाही, पण सिंक आणि हॉबच्या (ओट्यात बसवायच्या शेगडीच्या) कापाजवळ तो जपावा लागतो. जाडी मोजा. मिस्त्री सुतात बोलतात. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, सुमारे १९ मिलिमीटर. एकाच लादीच्या दोन टोकांना जाडी वेगळी भरली तर सांध्याला पायरी येणार.

७. चौरस फुटाच्या भावाला भुलू नका

भाव गावागावात आणि महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून आकडे देत नाही. सर्वसाधारण चढती भाजणी अशी: कडप्पा, मग काळे आणि करडे ग्रॅनाइट, मग क्वार्ट्झ, आणि त्याच्या आसपास किंवा वर कोरियन आणि परदेशी दगड. पोर्सिलेन ग्रॅनाइटच्या जवळ सुरू होऊन कुठवरही जातं.

हिशेब कसा फुगतो ते मात्र दाखवतो. एल आकाराचा ओटा धरा: एक बाजू १० फूट, कोपऱ्यापुढे दुसरी ५ फूट, रुंदी २ फूट. क्षेत्रफळ ३० चौरस फूट. पण भिंतीलगतची ४ इंची स्कर्टिंग १७ फूट लागते, तिचे साडेपाच-पावणेसहा चौरस फूट. पुढची दीड इंची पट्टी १३ फूट, तिचा दीड चौरस फूट. झाले सदतीसच्या पुढे, आणि यात कापताना वाया जाणारा माल धरलेलाच नाही. सिंक आणि हॉबसाठी कापलेली भोकं वजा होत नाहीत. उलट ती कापण्याचे वेगळे पैसे. कडेची गोलाई आणि पॉलिश रनिंग फुटावर. वाहतूक, लिफ्टमध्ये लादी मावत नसेल तर जिन्याने चढवण्याची मजुरी, बसवणं, सांधे चिकटवायचं इपॉक्सी. म्हणून प्रत्येकाकडून 'बसवून, पॉलिश करून, एकूण' असा एकच आकडा लेखी घ्या आणि ते आकडे शेजारी ठेवा. चौरस फुटाला स्वस्त वाटलेला माणूस इथे बऱ्याचदा महाग निघतो.

८. न्हाणीघराचा ओटा

इथे तवा नाही, कुकर नाही, त्यामुळे रेझिनचे सगळे प्रकार चालतात. इथला त्रास वेगळा. बोअरचं जड पाणी असेल तर नळाभोवती पांढरी खरपुडी जमते, मग ती काढायला कुणीतरी ॲसिड नाहीतर टॉयलेट क्लीनर ओततं. संगमरवर असेल तर त्याच दिवशी संपला, आणि ग्रॅनाइटचं पॉलिशही वारंवारच्या माऱ्याने जातं. जड पाण्याच्या घरात मी बेसिनखाली पोर्सिलेन किंवा मध्यम करड्या रंगाचा ग्रॅनाइट घेईन आणि पाणी पुसायला एक फडकं तिथेच टांगून ठेवीन. केसांचा रंग, कुंकू, खोबरेल तेल, आफ्टरशेव्ह, हे सगळं इथे सांडतं, म्हणून नमुन्याची परीक्षा याही मालाने घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर कोरियनवर सांडून राहू देऊ नका.

९. कापण्याआधी आणि बसवताना

उंची आधी ठरवा, कारण ती नंतर बदलत नाही. जो सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाक करतो त्याने ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या मापातून ४ ते ६ इंच वजा करा. सव्वापाच फुटांच्या आतबाहेरच्या व्यक्तीला हे ३३ ते ३५ इंच येतं. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तिची स्वतःची उंची वरून भर घालते, म्हणून थोडं खाली घ्या. हॉब ओट्यात बसवायचा असेल तर मिळालेलं माप तसंच ठेवा.

सिंक आणि हॉब घरात आल्याशिवाय एकही काप मारू देऊ नका. कॅटलॉगातल्या मापावर कापलेलं भोक मोठं झालं तर लादी गेली. कापाचे आतले कोपरे काटकोनी नकोत, गोलसर हवेत. तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो. एल ओट्याचा सांधा सिंकवर किंवा हॉबवर येता कामा नये.

पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला, पुढून अर्धा-एक इंच आत, एक बारीक चर मारून घ्या. कडेवरून ओघळलेलं पाणी त्या चरापाशी अडतं आणि खाली टपकतं. चर नसेल तर ते दगडाच्या पोटाला धरून आत जातं आणि ट्रॉलीची दारं फुगवतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. ट्रॉलीचं प्लायवूड सिंकखाली तरी आय.एस. ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाणी सोसणारं, असू द्या. ओट्याला सिंककडे जेमतेम एक-दोन सूत उतार. पाणसळ लावून दाखवायला सांगा, मग त्यावर एक तांब्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा.

फिकट दगड काळ्या सिमेंटवर बसवला तर ओल वर येऊन ढगाळ चट्टे दिसतात. त्याखाली पांढरं सिमेंट किंवा पांढरं ॲडहेसिव्ह लागतं. हे माल आणण्याच्या यादीतच लिहा, कारण बसवायच्या दिवशी मिस्त्रीकडे काळ्या सिमेंटचं घमेलं कालवून तयार असतं.

आणि सिंकसाठी कापलेला तुकडा मागून घ्या. पैसे तुम्ही त्याचेही दिलेले असतात. आमच्या मिस्त्रीने तो गाडीत टाकलासुद्धा होता, परत उतरवून घेतला. त्याच्या कडा घासून, खाली चार रबरी बुटं चिकटवली. आता त्यावर पोळ्या लाटल्या जातात, आणि नारळ मी अंगणात फोडतो.